पाणी मोजलं, नदी मोजायची राहिली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, ते आम्हाला भूगोल शिकवायचे. नकाशा भरताना आम्ही सगळी पोरं नद्या निळ्या रंगवायचो. गुरुजी मार्क पुरते द्यायचे, पण वही परत देताना विचारायचे, "ही नदी पाहिली आहेस का? मग तिचा खरा रंग खाली लिही." आमच्या गावची नदी आम्हाला पाठ होती. आषाढात तांबडी, कार्तिकात हिरवट आणि वैशाखात नुसत्या वाळूची पांढरी. एका नदीचे तीन रंग वहीत लिहिले, की गुरुजींचं समाधान व्हायचं. आज मी ज्या नदीबद्दल बोलणार आहे, ती निवडताना मला त्या वहीची आठवण झाली. कारण या नदीचं नावच तिच्या रंगावरून पडलं आहे.

कोलोराडो. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ तांबूस, लालसर. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात ती उगम पावते आणि सुमारे २,३०० किलोमीटर वाहत मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. वाटेत युटा आणि अ‍ॅरिझोना या राज्यांच्या सीमेवर तिने लाल वालुकाश्माचं एक प्रचंड पठार कापलं आहे. हे उंचावरचं वाळवंट. तिथे वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशात याच्या दुपटीहून अधिक पडतो, आणि माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो! अशा मुलखात १९५६ ते १९६३ या काळात एक धरण उभं राहिलं. ग्लेन कॅन्यन धरण. त्याच्या मागे जो जलाशय साठला, त्याचं नाव पॉवेल जलाशय.

या धरणाआधी तिथे काय होतं, धरण कोणत्या हिशेबावर उभं राहिलं, धरणाच्या वर काय झालं, धरणाच्या खाली काय झालं आणि पाणी उतरायला लागलं तेव्हा काय दिसलं, या क्रमाने मी बोलणार आहे. पाचही भागांत मिळून मला एकच सांगायचं आहे. त्या लोकांनी पाणी मोजलं. नदी मोजायची राहिली.

तर आधी काय होतं?

१८६९ सालच्या मे महिन्यात जॉन वेस्ली पॉवेल नावाचा एक माणूस नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन वायोमिंगमधून निघाला. अमेरिकन यादवी युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. एका हाताचा हा माणूस ज्या नदीचा नकाशा नाही, त्या नदीवर उतरला. तीन महिन्यांनी तो ग्रँड कॅन्यनमधून बाहेर पडला, तेव्हा त्याच्याबरोबर पाच सोबती उरले होते. खळाळत्या, होड्या फोडणाऱ्या त्या प्रवासात सुमारे तीनशे किलोमीटरचा एक टप्पा शांत लागला. दोन्ही बाजूंना लाल कातळाच्या उंच भिंती आणि त्या भिंतींना पडलेल्या शेकडो अरुंद घळी. घळीत शिरलं की आत पाझराचं पाणी, नेचे, ओकची झाडं, गार सावली. इंग्रजीत अशा हिरव्या, निवांत दरीला ग्लेन म्हणतात. म्हणून पॉवेलने नाव दिलं, ग्लेन कॅन्यन. एका घळीच्या टोकाला कातळाचा एवढा मोठा घुमट होता, की सोबत्यांनी तिथे गाणी म्हटली आणि आवाज भरून राहिला. त्या जागेला त्याने नाव दिलं संगीताचं मंदिर. वाळवंटात, कातळाच्या पोटात, पाण्याच्या काठाला एक मंदिर!

आणि नदी कशी होती? तांबडी. रॉकी पर्वतावरचा बर्फ मे-जूनमध्ये वितळायचा, तेव्हा ती ८० हजार क्युसेकने वाहायची, कधी त्याहून जास्त. थंडीत काही हजार क्युसेकवर यायची. हिवाळ्यात पाणी गोठायला टेकलेलं, उन्हाळ्यात अंघोळीला काढल्यासारखं कोमट. वर्षाला पाच-सहा कोटी टन गाळ ती वाहून न्यायची. तिथले जुने लोक म्हणायचे, हे पाणी प्यायला घट्ट आणि नांगरायला पातळ. पूर, गाळ, ऊब आणि थंडी. या चौघांना वेगळं काढता येत नव्हतं. या चौघांची मिळून ती नदी होती. हे चार शब्द लक्षात ठेवा, मला पुन्हा त्यांच्याकडे यायचं आहे.

आता दुसरी गोष्ट. हे धरण कोणत्या हिशेबावर उभं राहिलं?

१९२२ साली या नदीच्या खोऱ्यातल्या सात राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. वरच्या खोऱ्याला अर्धं, खालच्या खोऱ्याला अर्धं. आपल्या मापात सांगतो. आपल्याला टीएमसी कळतो, कारण आपण पावसाळ्यात रोज सकाळी वर्तमानपत्रात धरणांचे साठे वाचणारी माणसं आहोत. प्रत्येक खोऱ्याला वर्षाला सुमारे ३२५ टीएमसी, म्हणजे दोघांना मिळून ६५० टीएमसी. पुढे १९४४ मध्ये मेक्सिकोशी तह झाला, त्यात आणखी ६५ टीएमसी कबूल केले. एकूण ७१५ टीएमसी. आणि नदीत पाणी येतं किती? २००० सालापासूनची सरासरी साडेपाचशे टीएमसीच्याही आत आहे.

हे झालं कसं? करार करणाऱ्यांनी जी वर्षं हिशेबात धरली, ती नेमकी भरपूर पाण्याची होती. चार चांगल्या पावसाळ्यांवर विहिरीचा अंदाज बांधावा आणि पाचव्या वर्षी मोटारीने नुसती हवा ओढावी, तसं झालं. त्या काळातही भूगर्भ सर्वेक्षणातले यूजीन ला रू यांच्यासारखे अभ्यासक सांगत होते, की पाणी एवढं नाही. त्याच्याही आधी, १८९३ साली लॉस एंजलिसच्या सिंचन परिषदेत स्वतः पॉवेलने सांगितलं होतं, की या कोरड्या मुलखातल्या सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी नाही, आणि तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी भांडणं साठवत आहात. सभागृहाला ते आवडलं नाही. त्याच पॉवेलचं नाव आज त्या जलाशयाला आहे.

आणखी एक गोष्ट त्या करारात राहिली. सात राज्यांचे प्रतिनिधी बोलणीला बसले होते. ज्या लोकांचं त्या नदीशी सगळ्यात जुनं नातं, त्या नवाहो, होपी आणि इतर मूळ रहिवाशांपैकी एकही त्या टेबलाशी नव्हता. पाण्याच्या वाटपात ज्याला बोलावलं जात नाही, त्याच्या वाट्याला काय येतं? हे मी या सभागृहात वेगळं सांगायची गरज नाही.

खालच्या खोऱ्याचा वाटा सोडायचा हा शब्द वरच्या राज्यांना पाळायचा, तर पाणी साठवायला हवं. म्हणून १९५६ साली धरणांचा कायदा झाला. आधी कोलोराडो राज्यातल्या एको पार्क इथे धरण बांधायचं घाटत होतं. ती जागा राष्ट्रीय स्मारकात होती. सिएरा क्लब या संस्थेचे डेव्हिड ब्राउअर आणि त्यांचे सहकारी मोठ्या हिमतीने लढले आणि ते धरण त्यांनी थांबवलं. पण तडजोडीत ग्लेन कॅन्यनचा विरोध सोडला गेला. का? कारण ब्राउअरनी ग्लेन कॅन्यन तोवर पाहिलंच नव्हतं. कायदा झाल्यावर ते त्या घळींमधून फिरले आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी या गोष्टीची खंत बाळगली. १९६३ मध्ये एलियट पोर्टर यांच्या छायाचित्रांचं जे पुस्तक निघालं, त्याचं नावच होतं, कुणालाच ठाऊक नसलेली जागा. पुस्तक आलं, त्याच वर्षी पाणी चढायला लागलं.

श्रोतेहो, न पाहिलेल्या जागेचा सौदा किती सोपा असतो!

आता तिसरी गोष्ट. धरणाच्या वर काय झालं?

१९५६ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमध्ये बसून तारयंत्राची कळ दाबली आणि तिकडे कातळात पहिला सुरुंग उडाला. नवाहोंना दुसरीकडे जमीन देऊन त्यांच्या एका पठारावर कामगारांचं गाव वसवलं, तेच आजचं पेज. पायथ्याच्या कातळापासून २१६ मीटर उंचीचं कमानी धरण उभं राहिलं. आपल्या कोयनेच्या दुपटीहून उंच. काम म्हणून ते विलक्षण आहे, आणि ज्यांनी ते बांधलं, त्या मजुरांना आणि अभियंत्यांना मी मनापासून मानतो. उन्हाळ्यात काँक्रीट तापून तडकू नये म्हणून त्यात बर्फ कालवत, दरीच्या भिंतींना दोराने लोंबकळत त्यांनी ते काम केलं. १९६३ च्या मार्चमध्ये दारं बंद झाली. जलाशय काठोकाठ भरायला १७ वर्षं लागली, १९८० साल उजाडलं. कोयनेची साठवण १०५ टीएमसी. पॉवेल जलाशयाची अकराशे टीएमसीच्या घरात. सबंध नदीचं दोन वर्षांचं पाणी त्यात मावतं. मुख्य धारेवर फुगवटा जवळजवळ ३०० किलोमीटर गेला. प्रत्येक घळीत पाणी शिरल्यामुळे जलाशयाचा काठ ३,००० किलोमीटरहून लांब झाला.

धरण भरण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी घाईघाईने सर्वेक्षण केलं. प्राचीन पुएब्लो लोकांची कातळातली घरं, धान्याच्या कोठ्या, भिंतींवर कोरलेली चित्रं अशा दोन हजारांहून अधिक जागा त्यांना सापडल्या. बहुतेकांची नोंद झाली आणि बऱ्याचशा बुडाल्या. १७७६ साली स्पॅनिश पाद्रींनी नदी ओलांडताना कातळात पायऱ्या खोदल्या होत्या, त्या बुडाल्या. संगीताचं मंदिर बुडालं.

एक जागा मी मुद्दाम सांगतो. तिथे इंद्रधनुष्याच्या आकाराची एक नैसर्गिक कमान आहे, सुमारे ८८ मीटर उंच. रेनबो ब्रिज. नवाहोंचं ते देवस्थान, आणि सरकारदरबारी राष्ट्रीय स्मारक. १९५६ च्या कायद्यात लिहिलं होतं, की जलाशयाचं पाणी राष्ट्रीय स्मारकात शिरू देणार नाही. बंदोबस्ताला पैसे मात्र मंजूर झाले नाहीत. पाणी कमानीखाली शिरलं आणि पाठोपाठ होड्या भरून पर्यटक आले. नवाहो न्यायालयात गेले. १९८० साली अपिलातही निकाल त्यांच्या विरोधात लागला. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात पाणी यावं, त्यातून सहलीच्या होड्या फिराव्यात आणि आपण काठावर उभं राहून बघावं. विचार करा.

या जलाशयाने दिलंही खूप, ते मी झाकून ठेवणार नाही. आठ जनित्रं, १,३२० मेगावॅट क्षमता. पेज गावाला आणि आसपासच्या अनेक नवाहो कुटुंबांना पर्यटनातून रोजगार. २००० नंतर कोरडी वर्षं आली, तेव्हा साठलेल्या पाण्यामुळे वरच्या राज्यांना खालच्यांना दिलेला शब्द पाळता आला. पण अजूनही नवाहो राष्ट्रात अशी हजारो घरं आहेत, जिथे नळ नाही. माणसं टाक्या गाडीत टाकून लांबून पाणी आणतात. त्यांच्या पाण्याची सोय लावून देणं सरकारवर बंधनकारक नाही, असा निकाल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. उशाशी अकराशे टीएमसीचा जलाशय आणि घरात हंडा रिकामा!

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण ती डोळ्यांना लगेच दिसत नाही. धरणाच्या खाली काय झालं?

एका जूनमध्ये मी पेजजवळच्या पुलावर उभा होतो. एका बाजूला धरण आणि त्यामागे निळंशार पाणी. दुसऱ्या बाजूला, दोनशे मीटर खोल दरीत, काचेच्या बाटलीसारखी हिरवी नदी. कातळ सगळा लाल, पण पाण्यात लाल कुठेच नाही. नंतर २५ किलोमीटर खाली लीज फेरी इथे उतरलो. ऊन असं, की दगडावर हात टेकवत नव्हता. त्या उन्हात मी नदीत हात घातला आणि झटकन काढून घेतला. बर्फ! पाणी जलाशयाच्या पोटातून, खोलवरून सोडलेलं. जून असो की डिसेंबर, आठ-दहा अंश.

ते चार शब्द आठवा. पूर, गाळ, ऊब, थंडी. पूर गेला, कारण आता विसर्ग ठरायचा तो दूरच्या शहरांत वातानुकूलन यंत्रं कधी सुरू होतात त्यावर. दुपारी विजेची मागणी वाढली की नदी चढायची, रात्री उतरायची. गाळ गेला, नव्वद टक्क्यांहून जास्त धरणामागे बसला. ऊब गेली, हिवाळ्याची खरी थंडीही गेली. राहिलं काय? पाणी. नुसतं, स्वच्छ, गार पाणी.

आणि स्वच्छ पाणी भुकेलं असतं, श्रोतेहो. ज्या प्रवाहात गाळ नाही, तो काठाचा गाळ उचलतो. ग्रँड कॅन्यनमध्ये नदीकाठी वाळूच्या मोठमोठ्या पुळणी होत्या. दर वर्षीचा पूर त्या खरवडायचा आणि उतरताना पुन्हा भरून द्यायचा. आता नुसतं खरवडणं राहिलं. पुळणी आक्रसल्या. पूर नाही म्हणून काठांवर टॅमरिस्कसारखी परकी झुडपं माजली. ग्रँड कॅन्यनमध्ये मूळ माशांच्या आठ जाती होत्या. गढूळ, कोमट, पुराच्या पाण्याला घडलेले ते मासे. पाठीवर कुबड असलेला चब, सहा फुटांपर्यंत वाढणारा पाइकमिनो. पाइकमिनो तिथून नाहीसा झाला, आणखीही काही जाती गेल्या. गार पाणी मानवतं म्हणून बाहेरून आणून सोडलेला ट्राउट तिथे फोफावला. कुबडाचा चब तगला, तो मुख्यतः एका उपनदीच्या आधाराने. लिटिल कोलोराडो अजून कोमट आहे, अजून गढूळ आहे.

१९९२ साली या सगळ्याची दखल घेणारा कायदा झाला. १९९६ च्या वसंतात अमेरिकेच्या अंतर्गत विभागाचे मंत्री ब्रूस बॅबिट यांच्या हातून धरणाची दारं उघडली आणि मुद्दाम पूर सोडला गेला. सात दिवस, ४५ हजार क्युसेक. पुळणी पुन्हा उभ्या राहिल्या आणि काही महिन्यांत पुन्हा झिजू लागल्या. अभ्यासकांनी त्यातून धडा घेतला. आता पूर सोडायचा तो उपनद्यांनी गाळ आणून टाकल्यानंतर, म्हणजे वाटून द्यायला काहीतरी असतं. एवढ्या मोठ्या धरणाने ज्या पुराला रोखलं, त्या पुराची किंमत कळायला ३३ वर्षं लागली.

आता शेवटची गोष्ट. पाणी जास्त झालं तेव्हा आणि कमी झालं तेव्हा.

१९८३ च्या उन्हाळ्यात बर्फ अचानक वितळला. जलाशय काठोकाठ होता. सांडव्याचे बोगदे उघडले, तर आत पाण्याच्या वेगाने बुडबुडे फुटून फुटून काँक्रीटचं अस्तर उडालं आणि खालचा कातळ उखडू लागला. बोगद्याच्या तोंडातून लाल दगडाचे तुकडे बाहेर फेकले जात होते. सांडव्याच्या दारांवर प्लायवुडच्या फळ्या लावून पाणी अडवलं, नंतर तिथे पोलादी पत्रे बसवले. जुलैत पातळी उतरली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग २००० पासून उलटं चक्र. तापमान वाढलं, बर्फ कमी, जो वितळतो तोही तहानलेल्या मातीतच मुरतो. २०२३ च्या फेब्रुवारीत जलाशय २२ टक्क्यांवर आला. वीज बंद पडायची पातळी जेमतेम नऊ मीटर खाली राहिली होती. लाल भिंतींवर पंचावन्न मीटर उंचीचा पांढरा पट्टा दिसू लागला. पाण्यातल्या क्षारांची ती पुटं. पातळी खाली गेल्याने धरणातून सुटणारं पाणी कोमट झालं आणि जलाशयातला परका बास मासा खालच्या नदीत उतरला. चबला आता त्याची धास्ती. ऊब परत आली, पण सोबत शत्रू घेऊन.

आणि तरीही, त्याच वर्षांत काय दिसलं? उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि आपण सगळे बघायला जातो. तसं तिथे झालं. एस्कलांटे नदीच्या घळींमधलं कॅथेड्रल म्हणून ओळखलं जाणारं दालन उघडं पडलं, आतला लहानसा धबधबा पुन्हा वाळूवर पडू लागला. पाणी ओसरलेल्या घळींमध्ये ओढ्यांनी साठलेला गाळ कापून जुना तळ शोधला. त्यांच्या काठाने कॉटनवुड आणि विलोची रोपं आपोआप उगवली. कुणी लावली नाहीत. चाळीस वर्षं पाण्याखाली राहिलेली जागा, आणि चार-पाच उन्हाळ्यांत तिथे माणसाच्या डोक्यावर जाणारी झाडं!

धरण पाडावं की ठेवावं, हा वाद तिथले लोक आज घालत आहेत, आणि तो त्यांनीच मिटवायचा आहे. मी एवढंच म्हणेन. १९२२ मध्ये पाणी मोजलं, तेही चुकीचं. १९५६ मध्ये वीज मोजली, साठा मोजला. गाळ कुणी मोजला नाही. ऊब कुणी मोजली नाही. देवस्थान मोजायचं माप कुणाकडे नव्हतं. जे मोजलं नाही, ते सगळं नंतर फेडावं लागलं, आणि फेडणारे बहुतेक ते, ज्यांना बोलणीला बोलावलंच नव्हतं. यापुढे कुणी आपल्यासमोर एखाद्या नदीचा हिशेब ठेवला, तर आपण विचारू या. पाणी किती, ते कळलं. गाळ किती? पूर किती? मासे कोणते? काठावर कोण राहतं, आणि त्यांना विचारलं का?

लीज फेरीला मी आणखी थोडा वेळ थांबलो होतो. तिथे पारिया नावाची एक लहान नदी कोलोराडोला मिळते. तिच्यावर धरण नाही. वर कुठेतरी वळवाचा पाऊस झाला असावा, कारण ती घोट्याएवढ्या पाण्याने, पण लालभडक वाहत होती. संगमाशी ती एकदम मिसळत नव्हती. हिरव्या नदीच्या उजव्या काठाला धरून एक तांबडा पट्टा खाली चालला होता. मी त्याच्याबरोबर काठाने चालत गेलो. बरंच अंतर तो तुटला नाही. गुरुजींच्या वहीत मला त्या नदीचा रंग लिहायचा असता, तर मी लिहिला असता: हिरवी, पारियाच्या संगमाखाली, उजव्या काठाला, अजून तांबडी.